चाहूल आणि घोषणा : विद्यार्थी भयपटाच्या ट्रेलरमधील ध्वनिपरिणामांचा विचार

१

चित्रपटाचा ट्रेलर ही जाहिरात आहे, कलाकृती नव्हे, अशी समजूत रूढ असल्यामुळे साहित्य आणि चित्रपट यांच्या तौलनिक अभ्यासात ट्रेलरला सहसा स्थान मिळत नाही. विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेल्या भयपटाचा ट्रेलर तर दुहेरी उपेक्षित ठरतो. एक तर तो जाहिरात, त्यातही नवशिक्यांची. परंतु अर्थनिर्मितीच्या प्रक्रियेचा विचार करायचा झाल्यास हा लहानसा प्रकार विशेष उद्बोधक आहे. त्याच्यापाशी अवधी नाही, साधने नाहीत आणि प्रेक्षकाच्या मनात आधीपासून तयार असलेला संदर्भही नाही. साठ ते नव्वद सेकंदांत त्याला एका न पाहिलेल्या कथेचे भय जागवायचे असते.

या प्रकारात दृश्याची बाजू बहुधा लंगडी असते. रंगभूषा, नेपथ्य, प्रकाशयोजना आणि मुरलेले नट या साऱ्यांना पैसा लागतो. ध्वनीचे तसे नाही. साधे ध्वनिमुद्रणयंत्र, शांत खोली आणि स्वयंपाकघरातील चार वस्तू एवढ्या सामग्रीवर ध्वनिपरिणाम घडवता येतात. त्यामुळे विद्यार्थी भयपटाच्या ट्रेलरमधील कर्तृत्व प्रतिमेपेक्षा ध्वनीत अधिक स्पष्टपणे दिसते. चित्र काय दाखवू शकले हे परिस्थितीवर अवलंबून राहिले असेल. कानावर काय घालायचे ही मात्र निवड असते.

ही निवड आज दोन टोकांमध्ये होते. एका टोकाला तयार ध्वनिसंग्रह आहेत. संगणकावर क्षणात उतरवून घेता येणारे, पूर्वसिद्ध आणि परिणामाची हमी देणारे आवाज त्यांत मिळतात. दुसऱ्या टोकाला वस्तूंपासून, जागेपासून आणि शरीरापासून स्वतः घडवलेले आवाज आहेत. हा भेद केवळ तांत्रिक सोयीचा नाही. भारतीय साहित्यशास्त्राने भाव 'सांगणे' आणि भाव 'सूचित करणे' यांत जो भेद केला, तोच भेद येथे ध्वनीच्या माध्यमात पुन्हा उपस्थित होतो, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे.

२

भरताच्या नाट्यशास्त्रात सहाव्या अध्यायात भयानक रसाच्या विभावांची जी गणना आहे, तिच्या आरंभीच 'विकृत रव' येतो. भयंकर प्राण्यांचे दर्शन, कोल्हे, घुबडे, ओसाड घर, अरण्य ही सारी सामग्री त्यानंतरची. हा क्रम हेतुपूर्वक लावला आहे असा दावा करण्याचे कारण नाही. पण भयाच्या सामग्रीत ध्वनी हा दृश्याचा अनुचर नाही, तो स्वतंत्र विभाव आहे, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. विभाव म्हणजे भावाचे कारण. तो भावाचे नाव नव्हे. कोल्हेकुई ऐकणाऱ्याला 'आता भ्यावे' असे सांगत नाही. ती फक्त कोल्हेकुई असते, आणि म्हणूनच भय निर्माण होते.

मम्मटाने काव्यप्रकाशाच्या सातव्या उल्लासात रसदोषांची चर्चा करताना रस, स्थायी किंवा व्यभिचारी भाव यांचा त्यांच्याच नावाने उल्लेख करणे हा दोष मानला आहे. 'स्वशब्दवाच्यता' हे त्याचे नाव. 'तिला भय वाटले' असे म्हटल्याने वाचकाला भयाची माहिती मिळते, आस्वाद मिळत नाही. या दोषामागे आनंदवर्धनाची भूमिका आहे. रस हा कधीच वाच्य होत नाही, तो व्यंग्यच असतो. इतकेच नव्हे, तर विभावापासून रसापर्यंतचा क्रम असूनही रसिकाला तो जाणवत नाही. म्हणून रसादी ध्वनीला 'असंलक्ष्यक्रम' म्हटले जाते. हा क्रम उघडा पडला, म्हणजे येथे आपल्याला घाबरवण्याचा प्रयत्न होत आहे हे रसिकाला प्रथम कळले आणि मग तो घाबरला किंवा घाबरला नाही, तर ती रसाची प्रतीती राहत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. स्वशब्दवाच्यता हा शब्दाचा दोष आहे. चित्रपटातील आवाज हा शब्द नाही, त्याला अभिधा नाही, मग हा दोष त्याला कसा लागू करावा? आक्षेप वरवर पाहता रास्त आहे. पण आवाज हा केवळ नैसर्गिक घटना म्हणून राहत नाही. एकाच परिस्थितीत, एकाच हेतूने तो शेकडो वेळा वापरला गेला की त्याच्याशी संकेत जोडला जातो आणि संकेत जोडला गेला की आवाज शब्दासारखा वागू लागतो. भयपट पाहण्याची सवय असलेल्या कोणत्याही प्रेक्षकाला डोळे मिटून विशिष्ट तीव्र तंतुवाद्यध्वनी ऐकवला तर तो 'हा भयपट' असे म्हणेल. हे भय नव्हे. भयाचे वाचन आहे.

३

तयार ध्वनिसंग्रहांची वर्गवारी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्यांत आवाज 'इम्पॅक्ट', 'रायझर', 'ड्रोन', 'व्हूश', 'स्टिंगर' अशा नावांखाली लावलेले असतात. एखादा आवाज कशाचा आहे, लाकडाचा की लोखंडाचा, ओल्या वस्तूचा की कोरड्या, हे या नावांवरून कळत नाही. त्याचा उपयोग काय, तो प्रेक्षकावर काय करणार, एवढेच कळते. 'रायझर' म्हणजे ताण चढवणारा. 'स्टिंगर' म्हणजे दचकवणारा डंख. वस्तूचे नाव गळून परिणामाचे नाव उरले आहे. कारणाच्या जागी कार्याचेच नाव आले, म्हणजे विभावाच्या जागी भाव. स्वशब्दवाच्यतेची याहून नेमकी मांडणी शोधूनही सापडणार नाही.

लक्षणेच्या परिभाषेत हीच गोष्ट अधिक काटेकोरपणे सांगता येते. मुख्यार्थाचा बाध, त्या अर्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन या लक्षणेच्या तीन अटी. यांपैकी जी लक्षणा रूढीवर उभी असते तीत व्यंग्य उरत नाही. प्रयोजनवती लक्षणेत ते असते, असे मम्मटाचे मत आहे. तयार आवाज हा रूढ लक्षणेसारखा असतो. एकेकाळी त्याच्यामागे एक धाडसी रूपक होते. आता ते झिजून कोशातील शब्द झाला आहे.

या झिजण्याचे एक बोलके उदाहरण म्हणजे 'कॅट पीपल' (१९४२) या चित्रपटातील बस. निर्माता व्हॅल ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक टूर्नर यांच्यापाशीही पैशाची चणचण होती. रात्री निर्जन रस्त्याने एक स्त्री चालली आहे. तिच्या टाचांचा आवाज आणि तिच्या मागून येणाऱ्या दुसऱ्या स्त्रीच्या टाचांचा आवाज असे दोनच आवाज ऐकू येतात. मग मागचा आवाज थांबतो. पुढची स्त्री घाबरून वेग वाढवते आणि एकाएकी श्वापदाच्या फुत्कारासारखा आवाज येऊन चौकटीत शिरते ती बस. फुत्कार हवेच्या ब्रेकचा. या क्षणाचे सारे बळ बसमध्ये नाही, ते थांबलेल्या पावलांमध्ये आहे. जो आवाज ऐकू येत होता तो आता येत नाही, एवढ्याने प्रेक्षकाच्या मनात श्वापद जन्माला येते; बस त्या श्वापदाला फक्त आवाज देते. पुढे या युक्तीला 'ल्यूटन बस' असे नावच पडले, आणि तिचे अनुकरण करणाऱ्यांनी पावले सोडून दिली व फक्त बस ठेवली. आज ट्रेलरमध्ये दर दहा सेकंदांनी येणारा धक्का हा त्या बसचाच वंशज आहे. त्याच्यामागे थांबलेली पावले मात्र नाहीत.

'इन्सेप्शन' (२०१०) या चित्रपटाच्या ट्रेलरनंतर जगभरच्या ट्रेलरांमध्ये पसरलेला पितळी वाद्यांचा दीर्घ, दणदणीत हुंकारही याच वाटेने गेला. त्याचा त्या चित्रपटाशी काही संबंध होता. नंतरच्या शेकडो ट्रेलरांत तो 'हे भव्य आहे' असे सांगणारा शब्द झाला.

तयार आवाजांच्या समर्थनार्थ शरीरशास्त्राचा दाखला दिला जातो. लूक आर्नल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की मानवी किंकाळीत ध्वनीची तीव्रता सेकंदाला सुमारे ३० ते १५० वेळा वरखाली होते. हा 'खरखरीतपणा' सामान्य बोलण्यात आढळत नाही, पण धोक्याच्या भोंग्यांमध्ये आढळतो, आणि मेंदूतील भयाशी निगडित केंद्रावर त्याचा परिणाम होतो. तेव्हा असा आवाज कोणत्याही संदर्भाविना काम करतो, हे खरे आहे. पण जे काम होते ते दचकण्याचे. साहित्यशास्त्राच्या भाषेत ते 'त्रास' या व्यभिचारी भावाच्या जवळ जाते. भय या स्थायीच्या नव्हे. दचकणे ओसरते, भय मुरते. ट्रेलर संपल्यावर प्रेक्षकाच्या सोबत घरी जायचे असेल तर शरीराला बसलेला धक्का पुरेसा नाही.

४

आता घडवलेल्या आवाजांकडे वळता येईल. 'सायको' (१९६०) मधील स्नानगृहाच्या प्रसंगात सुरीचे घाव 'कसाबा' जातीच्या खरबुजात सुरी खुपसून ध्वनिमुद्रित केले गेले. 'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३) मध्ये मुलीचे डोके उलटे फिरते तेव्हा ऐकू येणारा हाडांचा आवाज मेक्सिकन ध्वनिकार गोन्सालो गाविरा यांनी कार्डे भरलेले चामड्याचे जुने पाकीट ध्वनिग्राहकाजवळ पिळून काढला. 'द ईव्हिल डेड' (१९८१) च्या वेळी चित्रीकरणात नीट न मिळालेले आवाज नंतर पुन्हा करावे लागले. मांस फाटण्याच्या आवाजासाठी मेलेल्या कोंबड्यांवर सुरी चालवली गेली. हा शेवटचा चित्रपट विद्यार्थिदशेच्या अगदी लगतचा आहे. सॅम रेमी आणि त्यांच्या मित्रांनी गुंतवणूकदारांना दाखवण्यासाठी 'विदिन द वुड्स' (१९७८) हा सुमारे अर्ध्या तासाचा लघुपट आठ मिलिमीटर फिल्मवर आधी केला होता. न झालेल्या चित्रपटाची ग्वाही देणारी ती एक लांबलेली झलकच होती.

खरबुजाच्या आवाजात लक्षणेच्या तिन्ही अटी जिवंत आहेत. 'हे फळ आहे' हा आवाजाचा मुख्यार्थ. पडद्यावरची सुरी आणि देह त्याचा बाध करतात. साल आणि त्वचा, गर आणि मांस यांच्या सादृश्याने संबंध जुळतो. आणि प्रयोजन? ते या उदाहरणाचे मर्म आहे. पडद्यावर सुरी शरीरात शिरताना जवळजवळ दिसतच नाही. जे दाखवता येत नाही ते ऐकणाऱ्याने स्वतः पाहावे हे प्रयोजन आहे. फ्रेंच अभ्यासक मिशेल शियाँ यांनी दृश्य आणि ध्वनी एकाच क्षणी आले की प्रेक्षक त्यांना आपोआप एकत्र जोडतो या वस्तुस्थितीला स्वतंत्र संज्ञा दिली आहे. त्या जोडणीचे वर्णन त्यांनी केले. त्या जोडणीत व्यंग्य कधी असते आणि कधी नसते हा प्रश्न मात्र मम्मटाच्या भेदाने अधिक नेमका सुटतो.

विद्यार्थ्यांच्या कामाचा सर्वात मोठा दाखला 'इरेझरहेड' (१९७७) हा आहे. डेव्हिड लिंच यांनी अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असताना १९७२ मध्ये त्याचे चित्रीकरण सुरू केले. पैशाअभावी ते वर्षानुवर्षे चालले. ध्वनीचे काम लिंच आणि ॲलन स्प्लेट यांनी जवळपास सारे स्वतःच केले. नायकाची शय्या द्रवात बुडत जाते त्या प्रसंगाचा मंद आवाज मिळवण्यासाठी ध्वनिग्राहक बाटलीत घालून ती बाटली टबातील पाण्यावर तरंगत ठेवली गेली आणि तीत हवा फुंकली गेली. हा आवाज कोणत्याही संग्रहात कोणत्याही नावाखाली सापडला नसता, कारण त्याला परिणामाचे नाव नाही. तो कोमल आहे की भीषण हे ठरवता येत नाही. संपूर्ण चित्रपटाच्या तळाशी यंत्रांची, वाफेची, वाऱ्याची जी अखंड घरघर आहे, तिच्याबद्दलही हेच म्हणता येते. ती कोठेही 'भ्या' म्हणत नाही; ती फक्त थांबत नाही. साधनांच्या अभावातून आलेला हा संयम नंतर एका संपूर्ण शैलीचा पाया ठरला.

५

मराठी भाषेत या चर्चेला उपयोगी पडणारी एक मोठी सामग्री आहे, आणि ती अभ्यस्त शब्दांच्या अनुकरणवाचक वर्गात साठलेली आहे. दार करकरते, पाळणा कुरकुरतो, डोळ्यांत धूळ किरकिरते. स्वर बदलला की वस्तूचा आकार आणि आवाजाचा पोत बदलतो. 'खुट्ट' हा एकच, तुटक, कोरडा आवाज; 'धप्प' मऊ पण जड; 'खाडकन' धातूचा किंवा हाताचा; 'सळसळ' पानांची किंवा रेशमाची; 'किर्र' रातकिड्यांची, आणि पुढे त्या रानाची व रात्रीचीही. ही वर्गवारी ध्वनिसंग्रहाच्या अगदी उलट आहे. येथे नाव परिणामाला नाही, आवाजाच्या जातीला आहे. मराठी भयकथेने तिचा लाभ घेतला. रात्रीच्या शांततेत माळ्यावर 'खुट्ट' झाले एवढ्यावर परिच्छेद संपवता येतो, ही सोय नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांच्या परंपरेतील लेखकाला भाषेनेच दिली होती. ध्वनिपरिणामांची यादी करताना विद्यार्थ्याने 'येथे इम्पॅक्ट' असे लिहिले तर त्याने परिणामाची मागणी नोंदवली. 'येथे खुट्ट' असे लिहिले तर त्याला लाकूड शोधावे लागते.

भाषेनेच येथे एक सीमारेषाही दाखवली आहे. 'छातीत धस्स झाले', 'काळजात चर्र झाले' या प्रयोगांत अनुकरणवाचक शब्द बाहेरच्या वस्तूवरून निघून भावावरच येतो. तो आवाज कोणीच ऐकलेला नसतो. तयार 'स्टिंगर' हा पडद्यावरचा 'धस्स' आहे. पात्राच्या किंवा प्रेक्षकाच्या छातीत जे व्हायचे तेच तो बाहेरून वाजवतो. 'खुट्ट' आणि 'धस्स' यांतील अंतर हेच विभाव आणि स्वशब्द यांतील अंतर होय.

भयाच्या ध्वनीसाठी मराठीत आणखी दोन शब्द आहेत: 'चाहूल' आणि 'कानोसा'. ज्या आवाजाचा उगम दिसत नाही त्याला पाश्चात्त्य ध्वनिविचारात पायथॅगोरसच्या पडद्याआडून शिकणाऱ्या शिष्यांवरून नाव मिळाले, आणि पिएर शेफेर यांच्यापासून शियाँपर्यंत त्याची चर्चा झाली. 'चाहूल' हा शब्द त्याहून एक पाऊल पुढे जातो. उगम दिसत नाही, आणि तो येतो आहे, असे दोन्ही अर्थ त्यात आहेत. 'कानोसा' ही ऐकणाऱ्याची बाजू. आवाजाने त्याला दचकवलेले नाही, तो स्वतःहून आवाजाकडे गेला आहे.

या दोन शब्दांच्या प्रकाशात एक आंतरभाषिक प्रवास तपासता येतो. स्टीफन किंग यांच्या 'ग्रॅमा' या कथेत एक मुलगा आजारी आजीबरोबर घरात एकटा उरतो आणि शेजारच्या खोलीचा कानोसा घेत बसतो. धारपांनी या कथेच्या आधारे 'आजी' ही मराठी कथा लिहिली, आणि तिचे बीज राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (२०१८) या हिंदी चित्रपटात उतरले. चित्रपटाचे नाव मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या कादंबरीवरून आले. कथेतून कथेत जाताना कानोसा शब्दांनीच घ्यावा लागतो. चित्रपटात तो प्रेक्षकाच्या प्रत्यक्ष कानांचा होतो. तेथे साखळदंडाने बांधलेल्या म्हातारीला शांत करण्याचा उपाय म्हणजे एका नावाचा उच्चार. नाव हे येथे अर्थासाठी नाही, ध्वनी म्हणून परिणामकारक आहे; आणि ते योग्य वेळी उच्चारले जाईल की नाही यातच भय साठलेले आहे. बाहेर पाऊस सतत कोसळतो. तो भयाची घोषणा करत नाही. अन्य सर्व आवाज अर्धवट झाकून प्रेक्षकाला कानोसा घेणे भाग पाडतो.

मराठी चित्रपटाच्या इतिहासात या संयमाचा दाखला भयपटाबाहेर आणि फार आधी सापडतो. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी केलेल्या 'कुंकू' (१९३७) या चित्रपटात पार्श्वसंगीत वर्ज्य करून प्रसंगातील स्वाभाविक आवाजांवर भर दिला होता. वृद्ध नवऱ्याच्या घरातील भिंतीवरचे घड्याळ हे त्यातील एक प्रमुख प्रतीक. तरुण पत्नीच्या दृष्टीने ते घर जवळजवळ झपाटलेले आहे, आणि हे संगीताने सांगितलेले नाही. 'प्रभात'च्या पुण्यातील ज्या आवारात हा चित्रपट झाला, तेथेच १९६० मध्ये आजची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट स्थापन झाली. ध्वनी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना वारसा शोधायला दूर जाण्याचे कारण नाही.

मात्र यावरून 'देशी आवाज वापरावेत' असा सोपा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. घुबडाचा घुत्कार, टिटवीची ओरड, कुत्र्याचे रडणे आणि विशेषतः मध्यरात्रीचे पैंजण ही भारतीय भयपटाची स्वतःची रूढ लक्षणा आहे. 'महल' (१९४९) आणि 'बीस साल बाद' (१९६२) यांच्यापासून भयाशी जोडले गेलेले काही संकेत रामसे बंधूंच्या चित्रपटांतून इतके वापरले गेले की पैंजण वाजताच प्रेक्षक हसू लागतो. परदेशी हुंकार काढून तेथे पैंजण ठेवल्याने घोषणेची भाषा बदलते, घोषणा तशीच राहते. दोष आवाजाच्या मुलखात नाही. आधीच ठरलेल्या अर्थात आहे. उलट, पाट्यावर वरवंटा फिरण्याचा किंवा नळाखाली बादली भरत येण्याचा आवाज, ज्याच्याशी भयाचा कोणताही संकेत जोडलेला नाही, तोच भयाला मोकळी जागा देतो.

६

आता ट्रेलरच्या विशिष्ट अडचणीकडे यावे लागते. चित्रपटाला विभाव रचण्यास दीड-दोन तास मिळतात. 'कॅट पीपल'मधील पावलांना पुरेसा अवधी होता. साठ सेकंदांच्या ट्रेलरला तो नाही. तेव्हा त्याने घोषणा केल्यास तो क्षम्य नाही काय? मम्मटानेही संचारी भावाचा नावाने उल्लेख काही ठिकाणी दोषार्ह मानलेला नाही. शिवाय जाहिरात म्हणून ट्रेलरने आपला प्रकार कळवणे आवश्यकच असते. ही सवलत मान्य करायला हवी, पण तिची मर्यादाही पाहायला हवी.

'सायको'च्या ट्रेलरमध्ये हिचकॉक स्वतः मोटेल आणि घर दाखवत हिंडतात. त्यांचे बोलणे मिस्कील, संगीत जवळजवळ विनोदी. सहा मिनिटांहून अधिक काळ प्रेक्षक गप्पा ऐकतो. शेवटी पडदा सरकतो आणि किंकाळी येते. घोषणा एकच आहे, आणि तिच्याआधीचा सगळा अवधी तिच्या विरोधी स्वरात आहे. 'एलियन' (१९७९) च्या ट्रेलरमध्ये एकही संवाद नाही. एक उंच, भोंग्यासारखा आवाज पुन्हा पुन्हा येतो. तो प्राण्याचा की यंत्राचा हे कळत नाही. 'द शायनिंग' (१९८०) च्या ट्रेलरमध्ये लिफ्टच्या दारांतून रक्ताचा लोट बाहेर येणारे एकच अखंड दृश्य आहे, आणि वेंडी कार्लोस व रेचेल एल्काइंड यांचे संगीत हळूहळू चढत जाते. तिन्ही उदाहरणांत अवधी कमी म्हणून आवाज वाढवलेले नाहीत; कमी केलेले आहेत. ट्रेलरला विभावांची संख्या परवडत नाही, हे ओळखून एकाच विभावावर भार दिलेला आहे.

हे तत्त्व विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे. उदाहरणादाखल जुन्या वाड्यातील दाराच्या कडीचा एकच आवाज घेतला तर त्याची तीन आवर्तने पुरतात. पहिल्यांदा दिवसाउजेडी हात कडी लावताना दिसतो आणि आवाज येतो. येथे आवाज निव्वळ वाच्य आहे आणि प्रेक्षक त्याची ओळख करून घेतो. दुसऱ्यांदा रात्री तोच आवाज येतो, दार दिसत नाही; पात्र मान वळवते. ही चाहूल. तिसऱ्यांदा पात्र दारासमोर उभे आहे, कडीकडे पाहत आहे, आणि आवाज येत नाही; कडी मात्र निघालेली आहे. या तिसऱ्या ठिकाणी कोणताही तयार धक्का ठेवला तर आधीची दोन्ही आवर्तने वाया जातात, कारण प्रेक्षकाने स्वतः ऐकलेली शांतता त्याच्याकडून काढून घेतली जाते.

शांतताही घडवावी लागते. ध्वनिफितीवर आवाज पूर्ण बंद केला तर ती शांतता वाटत नाही, यंत्र बिघडल्यासारखे वाटते. म्हणून ध्वनिमुद्रक प्रत्येक जागेची रिकामी शांतता वेगळी मुद्रित करून ठेवतात. कौलारू घराची, सिमेंटच्या खोलीची आणि विहिरीच्या काठाची शांतता एक नसते. त्याचप्रमाणे मुद्रित आवाज निम्म्या वेगाने वाजवला की त्याचा स्वर एक सप्तक खाली येतो आणि लांबी दुप्पट होते. पाटावरून ओढलेली परात अशा वेळी अवजड, अनोळखी होते. ही क्रिया कोणत्याही साध्या संगणकावर होते. तिला पैसा लागत नाही, कान लागतो.

माध्यमाची एक भौतिक अटही याच दिशेने नेते. विद्यार्थी भयपटाचा ट्रेलर आज बहुतेक प्रेक्षक मोबाइलवर पाहतात. फोनच्या इवल्या ध्वनिक्षेपकातून खर्जातील गडगडाट जवळजवळ उमटतच नाही. स्टुडिओतील मोठ्या ध्वनिक्षेपकांवर अंगावर काटा आणणारा 'ड्रोन' तेथे नाहीसा होतो आणि 'इम्पॅक्ट'चा नुसता टचका उरतो. उलट कडीचा खुट्ट, नखाचा ओरखडा, श्वास, कुजबुज हे मध्यम आणि वरच्या पट्टीतले बारीक आवाज त्या यंत्रातून स्पष्ट येतात. कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये तर ते कानाशीच होतात. भव्यतेची उसनवारी येथे व्यवहारातही तोट्याची ठरते.

विद्यार्थ्याने तयार आवाज वापरले म्हणून आकाश कोसळत नाही, हे खरे. पण प्रश्न एका ट्रेलरचा नाही. सगळे विद्यार्थी एकाच संग्रहातून, एकाच नावांखाली आवाज निवडू लागले तर पुणे, कोलकाता, सोल आणि लॉस एंजेलिस येथील भय एकाच स्वरात बोलू लागेल, आणि त्या स्वरात भय सर्वात कमी असेल. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला ही परिस्थिती ओळखीची वाटावी. भाषांतर होते तेव्हा दोन भाषांतील भेद शिल्लक राहतो आणि त्या भेदातून अर्थ उगवतो. 'ग्रॅमा'पासून 'तुंबाड'पर्यंतचा प्रवास त्या भेदावरच उभा आहे. एकाच कोशातील शब्द सर्वांनी वापरले तर भाषांतराची गरजच संपते, आणि त्याबरोबर तुलनेचीही.

ट्रेलर हा न पाहिलेल्या चित्रपटाची सूचना असतो. म्हणजे त्याचे स्वरूपच व्यंजनेचे आहे. जे समोर नाही त्याच्याकडे तो बोट दाखवतो. भयपटाच्या बाबतीत हे नाते आणखी दृढ होते, कारण भयही समोर नसलेल्याचेच असते. अशा रचनेला घोषणेचा स्वर देणे हे तिच्या स्वरूपाशीच विसंगत आहे. चित्रपट अजून यायचा आहे. त्याची आधी यावी ती चाहूल.